उतरत्या बाजूचे आकडे

ही हकीकत मी फार वर्षं टाळली. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी नोकरी होती. मग मुलीचं लग्न होतं. मग कारखान्याचे मालक हयात होते, आणि ते वारल्यावर गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला, असं झालं. आता माझी सत्तरी केव्हाच उलटली. कारणं संपली, राग तेवढा उरला आहे.

मागच्या महिन्यात शहापूरच्या बाजारात भाजी घेत होतो. शेजारी एक पोरगा विजेच्या बिलावरून मित्राजवळ तणतणत होता. "मीटर कसला रं तो! धारवाल्याचा मशीन हाय नुसता. वाटंल तो आकडा देतो." दोघं खो खो हसले. त्या पोराने धारवाल्याला पाहिलेलं नसणार, आणि त्याचं मशीन तर नाहीच नाही. पण ही म्हण त्याच्यापर्यंत पोचली होती. शहापूरपासून मुरबाडपर्यंत, मधल्या शेणवा-किन्हवलीच्या टपऱ्यांवरसुद्धा, खोटं बोलणाऱ्या वस्तूला आता हेच नाव आहे. मागे पडणारं घड्याळ, दांडी मारणारा वजनकाटा, निवडणुकीतला उमेदवार, सगळे 'धारवाल्याचं मशीन'.

मी हातातली भाजी खाली ठेवली आणि रिकाम्या पिशवीने घरी आलो. ही म्हण रुजवली कोणी, ते मला माहीत आहे. एका ग्रामसभेत शाळेच्या ओट्यावर उभं राहून मीच रुजवली.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी तारा बनवणारा एक कारखाना होता. मी तिथला व्यवस्थापक, आणि ज्यांना पुढे सगळे धारवाला म्हणू लागले ते प्रयोगशाळेचे प्रमुख. तारांवरचा गंज काढायला त्या आम्लाच्या टाक्यांत बुडवतात. त्या टाक्यांचं आंबट पाणी चुन्याने मारायचं आणि मगच खालच्या ओढ्यात सोडायचं, असा नियम. पाणी खरंच मेलंय की नाही, हे सांगणं हे त्यांचं काम.

ते माणूस म्हणून चांगले होते असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला लगेच देवमाणूस करायची आपली सवय मला आवडत नाही. ते तिरसट होते. रसायनशास्त्राच्या डॉक्टरेटचा अभ्यास अर्धा टाकून आले होते, कारण मार्गदर्शकाशी भांडण झालं. भांडण कशावरून, तर मार्गदर्शकाने एक आकडा 'साधारण' म्हणून धरला. कँटीनमध्ये ते कोणाच्या शेजारी बसत नसत. कोणी "साधारण" हा शब्द उच्चारला की ताट उचलून उठत. उन्हाळ्यातही अंगात एक मळका कोट. त्याच्या खिशात घराच्या किल्ल्या एका परीक्षानळीत घालून बूच लावून ठेवलेल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हरवल्या तर आवाज येतो."

दर रविवारी ते शहापूरच्या बाजारात यायचे आणि भाजीवाल्या बायका तोंड फिरवायच्या. त्यांना हातातला तागडीचा तराजूच लागायचा. बाईने भेंडी टाकत टाकत पारडं खाली आणलं, की हे म्हणायचे, "आता काढत काढत वर न्या." बाई एकेक भेंडी उचलायची आणि पारडं वर जायचं. मग हे खाली जातानाचं आणि वर येतानाचं बघून मधला हिशेब सांगायचे. भाजीत चार भेंड्यांचा फरक पडायचा. कधी त्यांच्या बाजूने, कधी बाईच्या. त्यांच्या वाट्याला जास्त यायच्या तेव्हा त्या परत टोपलीत टाकायचे. एकदा एक म्हातारी भाजीवाली ओरडली, "अरं मुडद्या, भेंडी जोखतंस का नवरीचा सोना जोखतंस? जा, तुझ्या बायकोला पाठव!"

"बायको नाही," हे म्हणाले.

"कशी र्‍हाईल!" ती म्हणाली, आणि अख्खी रांग हसली.

चहाचंही तेच. कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर ते कोरा चहा आणि दूध वेगवेगळं घ्यायचे. दुधाची बारीक धार सोडत जायचे. मनासारखा रंग आला की थांबायचं नाही, थोडं पुढे जायचं. मग कोरा चहा ओतत परत मागे यायचं. मग पुन्हा दूध. टपरीवाला वैतागायचा. "ओ काका, चा पिता का चाची वरात काढता? गिऱ्हाईक खोळंबलाय."

आमच्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे किस्से अजून फिरतात. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी चहाचा किस्सा तिखटमीठ लावून टाकला आणि शेवटी लिहिलं, 'म्हणूनच त्यांचं मशीनही तसंच होतं.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी काय केलं? मी अंगठा पाठवला.

त्या सगळ्या वेडेपणात एक सूत्र होतं आणि ते मला ठाऊक होतं. गटावरच्या कोणालाही ठाऊक नव्हतं, फक्त मला होतं. म्हणून माझा अंगठा सगळ्यांत नीच.

सूत्र असं. आम्ल किती आहे हे मोजायची शाळेतली रीत म्हणजे वरून काचेच्या नळीतून अल्कलीचा थेंब थेंब सोडायचा आणि खाली रंग बदलला की थांबायचं. ह्या रीतीचा त्यांना तिटकारा होता. "थेंब म्हणजे भीक," ते म्हणायचे. "पाणी ओढ्यातून थेंबाने वाहतं का? धारेने वाहतं ना? मग धारेनेच मोजा."

त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात स्वतः एक यंत्र जोडलं होतं. मोडीत निघालेल्या एका दवाखान्यातून आणलेले दोन पंप, सलाइनच्या नळ्या, एक दिवा, एक जुना संगणक. एका नळीतून ओढ्याकडे निघालेलं पाणी यायचं, एकाच वेगाने. दुसरीतून ताकद माहीत असलेली अल्कली यायची आणि हिचा वेग संगणक हळूहळू वाढवत न्यायचा. दोन्ही धारा एकत्र येऊन, गुंडाळलेल्या लांब नळीतून फिरून दिव्यासमोर जायच्या. आत रंग दाखवणारं द्रव्य असायचंच. अल्कलीचा वेग वाढत वाढत एका क्षणी आम्ल मरायचं आणि रंग बदलायचा. तो बदललेला दिसला रे दिसला, की यंत्र उलटं फिरायचं आणि वेग कमी करू लागायचं. रंग परत पालटला, की पुन्हा वाढवायचं. माणसाचा हात न लागता दिवसभर असं चाललेलं. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटत राहायची. रंग पालटला तेव्हा अल्कलीची धार किती होती, त्यावरून पाण्यात आम्ल किती ते कळायचं.

ते यंत्राला 'म्हातारी' म्हणायचे. त्याचं कारण त्यांनी मला एका दुपारी समजावून सांगितलं. मी तसा साधा डिप्लोमावाला. मला कोणी शिकवायला बसत नसे. ते बसले.

"धारा इथे मिसळतात," त्यांनी जोडावर बोट ठेवलं. "दिवा तिकडे आहे. तिथवर पोचायला वेळ लागतो. म्हणजे म्हातारी आत्ता जे सांगते ते मघाचं असतं. तोवर पंप पुढे गेलेला. मग वेग वाढत असताना ती काय सांगेल? खऱ्यापेक्षा जास्त की कमी?"

"जास्त," मी म्हणालो.

"आणि उतरताना?"

"कमी."

"दोन्ही आकडे तिने मनापासून सांगितलेत. दोन्ही चूक. पण दोन्ही चुका सारख्याच, आणि एकमेकींच्या उलट." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर आणून टेकवली. "मधला आकडा घ्या. तो खरा. सरासरी कशाचीही काढू नये, साहेब. ज्या दोन चुका समोरासमोर उभ्या राहतात, त्यांचीच काढावी."

नंतर हसून म्हणाले, "आणि वेग फार भराभरा बदलू नये. म्हातारीला घाई केली की ती जास्त चुकते."

तेव्हा मला तराजू कळला, चहा कळला. मला त्या दुपारी फार आनंद झाला होता. तोही लिहून ठेवतो.

'धारवाला' हे नाव त्यांना मंजुळाबाईंनी दिलं. कारखान्याच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे. तिथली माणसं भात काढून झालं की ओढ्यावर दगडमातीचा बंधारा घालतात आणि त्या पाण्यावर भेंडी, काकडी लावतात. मंजुळाबाईंची वाडी बंधाऱ्याला लागूनच होती. नवरा नव्हता, दोन मुलं बाहेर कामाला. वाडी त्या एकटीने करायच्या. आठवड्यातून एकदा हे तसंच एक छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन बंधाऱ्यावर जाऊन बसायचे, नळ्या पाण्यात सोडून.

"काय रं करतो हा दिसभर?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"दोन धारा एकत्र करतो, बाई."

"आन मंग?"

"मग कळतं पाणी आंबट आहे का."

"चाखून बघ की! येवढा तमाशा कशाला?"

आणि त्यांनी खरोखर ओंजळभर चाखून, चूळ भरून टाकली. "बरा हाय," म्हणाल्या. यंत्रानेही तेच सांगितलं. तेव्हापासून हे बसले की बाई त्यांना चहा आणून देत. तयार, दूध घातलेला. तो मात्र ते निमूट पीत. जगात तेवढा एकच चहा त्यांनी बिनतक्रार प्यायला असेल.

त्या हिवाळ्यात चुना ढवळणारं आमचं यंत्र बिघडलं. चुना तळाशी बसायचा आणि आंबट पाणी वरच्या वर निघून जायचं. माणसं बांबूने ढवळत, पण बांबूने काय ढवळणार? दुरुस्तीला कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला असता. मोठी ऑर्डर हातात होती. बंद ठेवायचा की नाही, हे ठरवणं माझ्या हातात होतं. मालकांचं नाव पुढे करून मी आजवर सुटत आलो. मालकांनी मला फक्त "बघा काय जमतंय" एवढंच म्हटलं होतं.

प्रयोगशाळेतून हे रोज सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायचे. "आकडा चढलाय."

"बघतो."

"कालही बघतच होतात. डोळे तपासून घ्या."

"ओ, ऑर्डर जाऊ दे, मग करतो म्हटलं ना."

"ऑर्डर तुमची जाईल. भेंडी त्या बाईची जाईल."

मला त्यांचा संताप यायचा. खरं बोलणाऱ्या माणसाचा जो येतो तो. त्यातून ते बोलायचे असं, की चार लोकांनी ऐकावं.

पाड्यावरच्या भेंडीचे शेंडे करपायला लागले. ओढ्यात मासे उलटे तरंगले. सरपंचांनी निरोप धाडला की ग्रामसभेत कारखान्याने आपले आकडे मांडावेत. ग्रामसभा नेहमीप्रमाणे शाळेच्या ओट्यावर. त्या आठवड्यात हे खर्डीला बहिणीकडे गेले होते, तिचं ऑपरेशन होतं. मी प्रयोगशाळेत एकटा गेलो.

संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात तीन खुणा होत्या. दोन्ही बाजू, चढती बाजू, उतरती बाजू. यंत्र जुळवताना तपासायला म्हणून त्यांनीच त्या केल्या होत्या. मी 'उतरती' निवडली. आकडे खाली आले, पण पुरेसे नाहीत. मग मी वेग बदलण्याचा दर वाढवला. म्हातारीला घाई केली. आकडे आणखी खाली आले. दिवसभर यंत्र चालू दिलं आणि संध्याकाळी कागद काढून सरपंचांकडे धाडला. सगळे आकडे नियमात.

हे कोणाला जमलं असतं? मालकांना नाही. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही नाही. ज्याला एका दुपारी कोणीतरी जीव लावून शिकवलं होतं, त्यालाच जमलं. आणि कागदावरचा एकही आकडा मी मनाने लिहिलेला नव्हता. सगळे यंत्राने दिलेले. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला ह्याच वाक्यावर झोपवलं.

ते परतले आणि एका नजरेत त्यांना कळलं. "कोणी हात लावला?" आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा आवाज. मी म्हणालो, "मालकांनी बघितलंय, राहू द्या आता." त्यांनी यंत्र पूर्ववत केलं. म्हणाले, "ग्रामसभेत मी येतो."

इकडे सरपंचांच्या पुतण्याने ओढ्याचं पाणी बाटलीत भरून कल्याणच्या एका प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं. ग्रामसभेत त्याने ते दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. आमचा आणि कल्याणचा. आकाश-पाताळाचा फरक.

"सायेब, ह्यातला खरा कोन्चा?" सरपंचांनी विचारलं.

मालक माझ्या शेजारी बसले होते. पुटपुटले, "यंत्र घरगुती आहे, सांगा. चुकतं, सांगा. मिटवा."

मी उभा राहिलो. ओट्यावर उन्हं आली होती, समोर सगळा पाडा बसलेला. मी म्हणालो, "मंडळी, हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने हौसेने बनवलेलं आहे. भंगारातल्या सामानाचं. ते कधी काय आकडा देईल, सांगता येत नाही. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला, ही आमची चूक. तुमच्याइतकीच आमचीही फसवणूक झाली."

फसवणूक हा शब्द मी वापरला. मालकांनी मला तो सांगितला नव्हता.

ते मागे पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. तिथूनच ओरडले, "चढती कुठे गेली? विचारा ह्यांना! चढती बाजू कुठे गेली?"

लोक वळून बघायला लागले. कोणाला काही कळेना.

"चढती! चढती कुठे गेली?"

"काका," पोरांच्या घोळक्यातून आवाज आला, "सकाळीच चढली काय?"

हशा झाला. मोठा, मोकळा हशा. शेंडे करपलेली, मासे मेलेली ती माणसं पोट धरून हसली. मालक हसले. मीही हसलो.

ह्या ठिकाणी मला त्यांचाही राग येतो. अजून येतो. अहो, साध्या शब्दांत का नाही सांगितलंत? 'ह्याने अर्धेच आकडे दाखवले', एवढं म्हणायचं! जन्मभर भाजीवाल्यांना, टपरीवाल्यांना वेठीला धरलंत, आणि जिथे समजावून सांगायची गरज होती तिथे यंत्राच्या भाषेत ओरडलात. पण हा राग उगीच आहे, हे मला कळतं. बुडणाऱ्या माणसाने हात नीट मारले नाहीत, अशी तक्रार, आणि तीही ढकलणाऱ्याने.

दुसऱ्यांदा सांगायची संधी त्यांना मिळतही होती. हसू ओसरत होतं, आणि कदाचित ते नीट बोललेही असते. तेवढ्यात मंजुळाबाई उठल्या. त्यांनी करपलेल्या भेंडीचं झाड मुळासकट आणलं होतं, कारखानदाराला दाखवायला. ते त्यांनी माझ्यासमोर नाही, ह्यांच्या पायाशी टाकलं.

"तुला मी बंधाऱ्यावं बसाया जागा दिली रं. चा पाजला. बरा हाय, बरा हाय म्हनून सांगत व्हतास ना? आमी तुज्या मशीनवं इस्वास ठेवून पानी घातला. माजी वाडी गेली, धारवाल्या."

जो माणूस चार भेंड्यांवरून बाजार डोक्यावर घ्यायचा, तो वाकला. त्यांनी ते झाड उचललं, मुळं निरखून पाहिली, माती झटकली, आणि कोटाच्या खिशात कोंबून चालू लागले. पोरांनी मागून टाळ्या वाजवल्या.

त्या आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. पत्रावर सही माझी. यंत्राच्या नळ्या तोडून पंप भंगारवाल्याकडे गेले, आणि ढवळणारं यंत्र मग लगेच दुरुस्त झालं, कारण आता गावाला काहीतरी करून दाखवायचं होतं. पाणी सुधारलं. लोक म्हणाले, बघा, तो वेडा गेला आणि पाणी सुधारलं. मंजुळाबाईंनी पुढच्या हंगामात भेंडी लावली नाही. त्या वीटभट्टीवर जायला लागल्या, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला ते माझ्या खोलीत आले होते. मी मान वर केली नाही. किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वेगसुद्धा वाढवलात. नुसती बाजू बदलून भागत नाही, हे तुमचं तुम्हाला कळलं." दाराकडे वळले. "शिष्य चांगले निघालात."

त्यात टोमणा होता की कौतुक, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ह्या न ठरवता येण्याचाच मला जास्त त्रास होतो.

पुढे ते आटगावला राहायला गेले. बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. पण मशीनवाले ते हेच, असं पालकांना कळलं की मुलं गळायची. हे मला कळत होतं. शहापूरहून आटगाव म्हणजे काही परदेश नव्हे. मी गेलो नाही.

गेलो ते मालक वारल्यानंतर. म्हणजे धोका संपल्यावर. दोन खोल्यांचं घर, बाहेर जास्वंद. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या. साहेब म्हातारे झालात."

"तुम्ही पण."

"मी आधीपासून होतो."

पाणी दिलं. मी म्हणालो, "माझी एक चूक झाली होती. त्याबद्दल..."

"थांबा," ते म्हणाले. "कुठे बोलला होतात तुम्ही?"

"म्हणजे?"

"माझ्या घरात बोलला होतात का?"

"नाही. ग्रामसभेत."

"कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग मला काय ऐकवता? मला माहीतच आहे. मी काय तुमच्या तोंडून ऐकायचा राहिलोय?" आवाज चढायला लागला, तोच जुना. "ज्या ओट्यावर उभं राहून बोललात, तिथेच उभं राहून सांगा. त्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. माझ्याकडे नका येऊ पाप धुवायला. इथे नळाला पाणी कमी येतं."

"सांगतो," मी म्हणालो. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सांगतो."

त्यांचा राग उतरला होता. एकदम म्हातारे दिसले. "सांगा हो," ते म्हणाले. "बाजारात जाता येत नाही."

एवढंच. बाजारात जाता येत नाही. भाजीसाठी शेजारच्या मुलीला पाठवायचे, हे मला नंतर कळलं. ती जे आणेल ते खायचे, न जोखता.

फेब्रुवारीत ते वारले. झोपेतच गेले म्हणतात. बहिणीने खर्डीहून येऊन सगळं केलं. मला बातमी तिसऱ्या दिवशी कळली, गटावर. खाली पुन्हा कोणीतरी चहाचा किस्सा टाकला होता.

त्याआधी, कबूल केल्याप्रमाणे, सव्वीस जानेवारीला मी ग्रामसभेला गेलो होतो. जे म्हणायचं ते वाटेत मोटारसायकलवर मनाशी घोकत होतो. शाळा नवीन झाली आहे, ओटा तोच आहे. झेंडावंदन झालं, मुलांच्या कवायती झाल्या. मग ग्रामसभा बसली. रस्त्यावरचे दिवे, घरकुलांची यादी, नळाची पाइपलाइन. आता सरपंच तोच पुतण्या, ज्याने बाटली कल्याणला नेली होती. केस पांढरे व्हायला लागलेत. मी मागे उभा होतो. पुढे बायकांत मंजुळाबाई होत्या, पार वाळलेल्या. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या शेजारच्या पोराला म्हणाल्या, "सायबाला खुर्ची दे रं. कवाधरनं हुबे हायेत."

खुर्ची आली. ती पुढे, त्यांच्या शेजारी ठेवली. सरपंच म्हणाले, "आपल्या कारखान्याचे जुने सायेब आज मुद्दाम आलेत. सायेब, दोन शब्द बोला."

मी उठून ओट्यावर गेलो. टाळ्या वाजल्या. मंजुळाबाई मान वर करून बघत होत्या, डोळ्यांवर हात धरून, कारण ऊन समोरून होतं. मला म्हणायचं होतं: यंत्र बरोबर होतं, त्या माणसाने तुम्हाला कधी फसवलं नाही, फसवलं ते मी.

मी म्हणालो, "शाळेची इमारत फार छान झाली आहे. मुलांनी कवायत सुंदर केली. तुम्हा सर्वांना प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा."

आणि खाली येऊन मंजुळाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.